हिरडीतलं रक्त आणि हजेरीचा खाडा

पत्र :

डॉक्टर ताई, नमस्कार. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात मी कार्मिक विभाग सांभाळते. कायम आणि ठेकेदाराकडचे मिळून दीडशेच्या वर कामगार आहेत. दरवर्षी सगळ्यांची तपासणी होते : वजन, बीपी, शुगर, डोळे. यंदा एक्स्ट्रूडरवरच्या (प्लास्टिक वितळवणाऱ्या मशीनवरच्या) एका ऑपरेटर भाऊंची शुगर पुन्हा वाढलेली निघाली. वय पंचेचाळिशीच्या पुढे, गोळ्या नियमित, गोड बंद, तरी आकडा उतरत नाही. बोलता बोलता म्हणाले, वर्षभर दात घासताना रक्त येतं, खालचे दोन दात हलतात, भाकरी कुस्करून खावी लागते. मी शेठना म्हटलं, पुढच्या तपासणीत दात घेऊ या, विम्यात दातांचा खर्च बसतो का तेही पाहू या. ते म्हणाले, "दात ज्याचे त्याचे. उद्या केस गळतात म्हणून पैसे मागाल." शेठ मनाने वाईट नाहीत, कुणी आजारी पडलं तर रात्री-बेरात्री स्वतःची गाडी देतात. त्यांना काय सांगू? हिरड्यांचा आणि शुगरचा खरंच संबंध असतो का? आणि सोय करायची झाली तर कशी करावी?

उत्तर :

ताई, संबंध असतो. त्या भाऊंच्या हिरड्या त्यांच्या शुगरला आणि शुगर हिरड्यांना खतपाणी घालते आहे, अशी दाट शक्यता आहे. त्यांच्याबद्दल आधी लिहिते, शेठजींकडे मग वळते.

दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर रोज साचतो. ब्रशने निघाला तर ठीक. राहिला तर काही दिवसांत तो कडक होतो, मग त्याला आपण कीट म्हणतो, आणि ते घरच्या ब्रशने निघत नाही. त्याच्या लगतची हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त देते. इथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष झालं की सूज खाली उतरते, दात ज्या हाडात रुतलेला असतो ते हाड झिजू लागतं, आणि झिजलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही. आपल्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल : केळीच्या बुडाची माती वाहून जात असते तेव्हा वर पानं हिरवीगारच दिसतात, खोड कलतं तेव्हा कुठे लक्ष जातं. दुखत नाही, हाच या आजारातला सगळ्यात मोठा धोका. कीड लागलेली दाढ रात्री झोपू देत नाही म्हणून माणूस डॉक्टर गाठतो. हिरड्यांचा रोगी मात्र दात हलेपर्यंत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात गंभीर हिरडी-रोगाच्या रुग्णांचा जगभरातला अंदाज १०० कोटींच्या वर दिला आहे.

आता शुगर. हिरडी महिनोन्महिने सुजलेली असली की त्या सुजेतून निघणारी द्रव्यं रक्तात मिसळत राहतात आणि शरीरातल्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. उलट बाजूने, रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढायची ताकद घटते, जखम भरायला वेळ लागतो आणि हिरडी आणखी बिघडते. हे दुहेरी नातं वैद्यकशास्त्रात आता वादाचं राहिलेलं नाही. उपचारांच्या अभ्यासांची कसून छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत तीन हजारांहून अधिक मधुमेही रुग्ण होते. हिरड्यांची नीट खोल सफाई झालेल्यांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर टक्क्यांत सांगणारी रक्ततपासणी, तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ टक्का-अंकांनी उतरलं, आणि ज्यांना वर्षभर पाहिलं गेलं त्यांच्यात फरक ०.५ च्या आसपास होता. गोळ्या बंद करता येतील एवढा हा फरक नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण पथ्य आणि औषध दोन्ही पाळून आकडा अडून बसलेल्या माणसासाठी तो मोलाचा आहे.

म्हणून त्या भाऊंना सांगा : दातांच्या डॉक्टरांकडे जाताना शुगरचे सगळे रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यायची. उपाशी जायचं नाही, सकाळचा नाश्ता आणि गोळी घेऊनच जायचं. आपलं आपण औषध थांबवायचं नाही. सफाई झाल्यावर तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करायचं आणि तो कागद शुगरच्या डॉक्टरांनाही दाखवायचा. आपल्याकडे हे दोन डॉक्टर एकमेकांशी क्वचितच बोलतात. निरोप्याचं काम रुग्णालाच करावं लागतं, त्यात तुम्ही त्यांना मदत करा.

एक भीती ते नक्की बोलून दाखवतील, कारण माझ्या खुर्चीत बसणारा दर दुसरा माणूस ती बोलतो : "दात साफ केले की ढिले होतात." खरी गोष्ट अशी, की हाड आधीच झिजलेलं असतं आणि दातांच्या फटींत बसलेल्या कीटाच्या भिंतीने ते दात एकमेकांना टेकून उभे असतात. कीट काढलं की ढिलेपणा जाणवतो. सफाईने तो केलेला नसतो. उलट सूज उतरल्यावर थोडेसे हलणारे दात बऱ्याचदा पुन्हा घट्ट वाटू लागतात. आणि रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणं ही तर अगदी उलटी वाट. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने, दिवसातून दोनदा. झोपण्याआधीचा ब्रश चुकवायचा नाही. रात्रपाळी करणाऱ्याने तो सकाळी घरी येऊन झोपण्याआधी करायचा. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, जरूर कराव्यात, पण त्यांनी कीट सुटत नाही.

आता शेठजी. त्यांना सगळ्यात आधी अतिशयोक्ती सांगू नका. "हिरड्या सांभाळा, हार्ट अटॅक टाळा" अशा पाट्या शिबिरांत लागतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष असा होता, की हिरड्यांचा रोग आणि हृदयविकार एकत्र आढळतात हे खरं, पण एकामुळे दुसरा होतो किंवा हिरड्यांच्या उपचाराने झटका टळतो याचा पुरावा नाही. तंबाखू, शुगर, वय ही दोन्हींची सामाईक कारणं आहेत. गरोदरपणाचंही तसंच. हिरड्यांचा रोग आणि मुदतीआधीची प्रसूती यांचा संबंध दिसतो, उपचाराने ती टळते हे मात्र ठामपणे सिद्ध झालेलं नाही. तरी पॅकिंग विभागातली एखादी बहीण गरोदर असेल आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर "आता नको, बाळंतपणानंतर बघू" असं म्हणून तिला परत पाठवू नका. त्या काळात हिरड्या जास्त सुजतात, आणि विशेषतः मधल्या तीन महिन्यांत दातांची सफाई निर्धास्त करता येते.

परदेशी कंपन्यांचे हिशोबही शेठजींपुढे नेऊ नका. "दातांवर एक रुपया खर्च केला की इतके वाचतात" अशी वाक्यं फिरत असतात. त्यातली बरीच आकडेवारी विमा कंपन्यांच्या दाव्यांवरून काढलेली असते, आणि जो माणूस नियमित दात दाखवतो तो बाकीची तब्येतही सांभाळणाराच असतो, त्यामुळे बचत नेमकी कशाने झाली हे त्यातून कळत नाही. शेठजी व्यापारी माणूस आहेत, त्यांना असली गोम लगेच दिसेल.

त्याऐवजी तुमचंच हजेरीपत्रक काढा. गेल्या वर्षभरात दाढदुखी, तोंड सुजणं, दात काढणं या कारणांनी किती खाडे पडले ते मोजा. प्रथमोपचाराच्या पेटीतून दुखण्याच्या किती गोळ्या गेल्या आणि त्यातल्या किती दातांसाठी, हे सुपरवायझरला विचारा. दाढ ठणकतेय म्हणून रात्रभर न झोपलेला माणूस सकाळी पहिल्या पाळीला गरम एक्स्ट्रूडरपाशी किंवा चटई विणणाऱ्या चालत्या लूमपाशी उभा असतो, ते कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही. शेठजींना ते तोंडी सांगा. शिवाय शुगर-बीपीचा माणूस मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आठवडाभर खातो, तेव्हा त्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. दाढेचं दुखणं असं दाढेपुरतं राहत नाही.

आणि "दात ज्याचे त्याचे" याला माझं सरळ उत्तर आहे : डोळे तपासता ना? ते तरी कुणाचे असतात? कारखान्याने तपासणी ठरवली तेव्हा तोंड तेवढं वगळलं गेलं, आणि ते वगळायला वैद्यकीय कारण काहीच नव्हतं.

सोय कशी करावी हा तुमचा खरा प्रश्न, आणि इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. लोक आधी विम्याकडे धावतात. तुमची ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी काढून वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. बहुतेक पॉलिसींत दातांचा खर्च फक्त अपघातात इजा होऊन रुग्णालयात भरती व्हावं लागलं तरच मिळतो. बाह्यरुग्ण उपचारांची पुरवणी जादा हप्ता भरून घेता येते, पण दीडशे माणसांच्या कारखान्याने पहिला पैसा तिथे घालावा असं मला वाटत नाही.

त्याआधी ईएसआय, म्हणजे सरकारची कामगार विमा योजना, बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो, ही मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये ठरली. पगाराच्या ३.२५ टक्के शेठजी भरतात, ०.७५ टक्के कामगाराच्या पगारातून जातात, दर महिन्याला. त्या पैशाच्या बदल्यात मिळणाऱ्या वैद्यकीय सेवेत दातांचे उपचारही येतात, आणि हे कामगारांना कुणी सांगतच नाही. तुमच्या ईएसआय दवाखान्यात जाऊन दातांसाठी पुढे कुठे पाठवतात, चिठ्ठी कोण देतं, कोणत्या वारी, हे एकदा स्वतः विचारून या आणि फलकावर लावा. ठेकेदाराच्या माणसांचीही कार्डं निघालेली आहेत का, तेही तपासा. बऱ्याच ठिकाणी गाडं तिथेच अडलेलं असतं. ज्यांचा पगार मर्यादेच्या वर आहे त्यांच्यासाठी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. धुळ्याकडच्या कुणाला जवळ पडत असेल तर तिथल्या एसीपीएम दंत महाविद्यालयात अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकाऊ डॉक्टर उपचार करतात. दंत महाविद्यालयांत खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो.

पण ताई, पैशाची एवढी सगळी सोय केली तरी माणसं जाणार नाहीत. कारण अडचण फीची कमी आणि खाड्याची जास्त आहे. सरकारी ओपीडी सकाळची, पहिली पाळीही सकाळची. हिरड्यांची खोल सफाई एका बैठकीत होत नाही, दोन ते चार फेऱ्या लागतात, आणि पुढे दर तीन-सहा महिन्यांनी दाखवावं लागतं. रोजावरच्या माणसासाठी प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा, आणि ठेकेदाराकडचा असेल तर "हा सारखा सुट्ट्या मारतो" असा शिक्का. मग तो दुखेपर्यंत थांबतो, आणि दुखल्यावर एका खाड्यात काम उरकावं म्हणून "काढूनच टाका डॉक्टर" म्हणतो. किती तरी दात मी अशा हिशोबापायी काढलेत, जे उपचाराने पुढे कितीतरी वर्षं टिकले असते. तिशी-पस्तिशीतल्या माणसाची मागची दाढ गेली की पुढचं सगळं आयुष्य तो घास एका बाजूने चावतो. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून शेठजींकडे एकच गोष्ट मागायची झाली तर ही मागा : दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की वर्षाला दोन अर्धे दिवस भरपगारी. शुगर असलेल्यांना चार. कायम असो की ठेकेदाराचा, सर्वांना. याचा खर्च शेठजी बोटांवर मोजतील आणि त्यांना तो झेपणारा वाटेल. जोडीला शहरातल्या एखाद्या दवाखान्याशी सफाईचा ठराविक दर बोलून घ्या, निम्मे कारखान्याने भरायचे, निम्मे कामगाराने. बरेच दवाखाने रात्री आठ-नऊपर्यंत उघडे असतात, पहिल्या पाळीच्या माणसाला खाडाच पडणार नाही.

शिबिर घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण बॅटरी मारून "दात साफ करून घ्या" असं कार्डावर लिहून टूथपेस्ट वाटणारं नको. डॉक्टरांना आधीच सांगा, की हिरड्या मोजून हव्यात. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट बारीक सळई असते, ती हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून खोली बघतात. तीनपर्यंत ठीक, चार आणि पुढे म्हणजे लक्ष द्यायला हवं. माणशी पाच-सहा मिनिटं जातात. सगळे एका दिवसात होणार नाहीत, हरकत नाही. पहिल्या दिवशी शुगरवाले आणि तंबाखूवाले घ्या.

तंबाखूबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात त्याच्याशिवाय तोंडाची गोष्ट पूर्ण होत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पुड्या मात्र कुठे मिळतात हे तुमच्या गेटवरच्या माणसालाही ठाऊक असेल. चुना-तंबाखू तर उघडच. आणि बायकांची मशेरी, जी आपण व्यसनात धरतच नाही. तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यामुळे आतून हाड झिजत असताना रक्त कमी येतं, आणि माणूस छातीठोकपणे सांगतो, "मला तर रक्तच येत नाही." त्याच्यावर विश्वास ठेवू नका, त्याच्या हिरड्या मोजा. गाल आणि हिरडीच्या मध्ये जिथे विडा दाबून ठेवतो तिथे पांढरा चट्टा आहे का, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे पाहायला डॉक्टरांना सांगा. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली कुठलीही जखम दाखवलीच पाहिजे, ती दुखत नसली तर जास्तच.

पण थुंकल्याचा दंड वाढवून तंबाखू सुटत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २० खास थुंकदाण्यांसाठी होतं : पुरेशा ठेवा, स्वच्छ ठेवा, बाहेर थुंकेल त्याला दंड करा. कायद्याने भिंत-जमीन जपली, थुंकणाऱ्याच्या तोंडाकडे तो पोचलाच नाही. रात्रपाळीला झोप मारायला आणि भूक लांबवायला माणूस विडा मळतो. दोन वाजता काहीतरी खायला आणि दहा मिनिटं बसायला मिळालं तर एक विडा तरी कमी होतो. सोडायची इच्छा असलेल्यांसाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. हा नंबर फलकावर मोठ्या अक्षरांत लावा.

चहाच्या किटलीचंही बघा, एका पाळीत चार गोड चहा होत असतील तर एक किटली बिनसाखरेची ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तोंडाला कोरड पडते आणि कोरड्या तोंडात कीड लवकर लागते, तेव्हा पिण्याचं पाणी मशीनपासून लांब नको.

तपासणीत कुणाला काय निघालं याची यादी सुपरवायझरच्या किंवा ठेकेदाराच्या हाती जाता कामा नये. शुगर निघाली म्हणून मशीनवरून उतरवतील, करार वाढवणार नाहीत, ही भीती खरी आहे, आणि ती एकदा पसरली की पुढच्या वर्षी कुणी तोंड उघडणार नाही. कागद डॉक्टर आणि त्या माणसाच्या हाती द्या. तुमच्याकडे आणि शेठजींकडे फक्त एकूण आकडे ठेवा : किती जणांना सफाई लागणार, किती जणांची झाली. दुसरा आकडा पहिल्याजवळ येतोय का, एवढंच सहा महिन्यांनी बघायचं. शिबिराचे फोटो नंतर छापले तरी चालतील.

शेठजींच्या होकाराची वाट न पाहता त्या ऑपरेटर भाऊंची वेळ मात्र याच आठवड्यात ठरवा. दोन दात हलताहेत आणि शुगर चढलेली आहे, त्यांना थांबायला वेळ नाही. आणि त्यांना, तसंच पाळीवरच्या सगळ्यांना एक सांगून ठेवा : जबडा किंवा गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळताना त्रास झाला किंवा श्वास जड वाटला, तर गोळी घेऊन पाळी संपायची वाट पाहायची नाही. त्याच तासाला रुग्णालय गाठायचं, मध्यरात्र असली तरी. शुगरच्या माणसात दातातला पू गळ्याकडे फार झपाट्याने उतरतो. शेठजींची गाडी त्यासाठीही मिळेल ना, हे आजच विचारून ठेवा.